गॉर्गॉन वरच्या थरात कसा आला

हेस्टर विंडफोगल 'बहुधा' हा शब्द वापरत नसे. इतर शास्त्रज्ञ 'तसं असू शकेल', 'तसं दिसतं खरं' अशा काठ्या टेकत टेकत बोलतात. हेस्टर छाती ठोकून सांगायची आणि वर विचारायची, अजून काही? ग्राफ-रेनेटच्या बाजारातला खाटीकसुद्धा तिच्याशी भावावरून हुज्जत घालत नसे. बरं, ही मिजास काही वाडवडिलांकडून आलेली नव्हती. तिचा जन्म गाढवाच्या गाडीत झालेला. बाप इझाक हा कारूतल्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या त्या कोरड्या पठारावरच्या, मेंढरांच्या माळांवर तारेची कुंपणं घालत हिंडायचा, आणि बायको, भांडी, कुत्रं आणि ही पोर असं सगळं बिऱ्हाड त्या गाडीतून त्याच्याबरोबर. अशा घरातली मुलगी विद्यापीठात गेली, हाडांची डॉक्टर झाली, आणि तीही दगड झालेल्या हाडांची. तिने नाक जरा वर करून चालावं यात कारूत कुणाला वावगं वाटत नव्हतं.

आणि हाडांना कारूत तोटा नाही. डोंगराच्या पायथ्याशी हिरवट राखाडी दगड, त्याच्या वर लाल दगड. हिरव्यात शोधाल तिथे हाडं. लालात पाऊल टाकलं की शुकशुकाट. मधे जी रेघ आहे, तिथे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी जग मेलं. लोकांना आपले डायनासोर तेवढे ठाऊक असतात. ती गोष्ट फार नंतरची. त्या खुनात आरोपी दोन, आकाशातून कोसळलेला धोंडा आणि दख्खनेत पसरलेला लाव्हा, म्हणजे ज्याच्या चिऱ्यांवर आपली घरं उभी आहेत तोच काळा कातळ. पण कारूतल्या मरणापुढे ते मरण किरकोळ म्हणायचं. या खेपेला सायबेरियात जमीन फाटली, लाव्हा लाखो वर्षं वाहत राहिला, जमिनीखालचा कोळसा पेटला, हवा तापली, समुद्र आंबला. समुद्रातल्या दहा जातींमागे आठ-नऊ गेल्या. इकडे कारूत नद्या आटल्या आणि जमिनीवरचेही बहुतेक जीव तहानेने आडवे झाले. लाल दगडात तगून राहिला तो मुख्यतः लिस्ट्रोसॉरस, दोन सुळ्यांचा, बुटका, मिळेल ते खाणारा. गावातली माणसं त्याला सरळ डुक्कर म्हणतात.

इथपर्यंत कुणाचं भांडण नव्हतं. भांडण होतं ते मरण आलं कसं यावर. बारंट लोट्स म्हणून हेस्टरबरोबर शिकलेला एक प्राध्यापक होता, तिचा जुना दोस्त आणि तितकाच जुना वैरी. तो म्हणायचा, दार एकदम बंद झालं आणि झालं. हेस्टर म्हणायची, दार हळूहळू लोटलं गेलं आणि कितीतरी जीव फटीतून आत सटकले, पुढे बराच काळ जगले. दोघंही अर्धं आयुष्य हेच बोलत होते.

मग दोन वर्षांपूर्वी हेस्टरला गॉर्गॉन सापडला.

गॉर्गॉन म्हणजे त्या जुन्या जगातला वाघ. सुळे हातभर नसले तरी वीतभर खरे. आजवर तो सापडला तो हिरव्या दगडात, रेघेच्या खाली. हेस्टरला त्याची कवटी सापडली ती द्रोएफोंतेन नावाच्या शेतातल्या एका घळीत, लाल मातीत, रेघेच्या चांगली वर. घळीच्या काठाच्या पोटातून एक दात बाहेर डोकावत होता. कवटी एका गोल धोंड्याच्या आत होती आणि धोंडा लालात असा घट्ट बसला होता की काढताना हातोड्याचा दांडा मोडला. वाघ जिवंत म्हणजे त्याची शिकार जिवंत, शिकारीचा चारा जिवंत, सगळं गणगोत जिवंत. या एका धोंड्याने हेस्टरचं म्हणणं खरं ठरत होतं. तिने ते लिहून पाठवलं, रेडिओवर सांगितलं, शाळेतल्या पोरांना सांगितलं. दगड खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे तिचं आवडतं वाक्य.

बारंटला ते पटलं नाही. त्याने पैज लावली. कारूत निखाऱ्यावर मटण भाजणाऱ्याच्या हातातला चिमटा दुसऱ्याने घ्यायचा नसतो, आणि बारंटचा चिमटा तर त्याच्या बायकोलाही शिवायची परवानगी नव्हती. हेस्टर खरी ठरली तर तो चिमटा तिचा. बारंट खरा ठरला तर हेस्टरने चार माणसांत, त्या घळीत उभं राहून म्हणायचं, मी चुकले. सगळ्यांनी बारंटची कीव केली. हरला तर त्याचा चिमटा जाणार, आणि जिंकला तरी ती असं म्हणेल हे कुणाला खरं वाटेना.

आता शनिवारी देशोदेशीचे शास्त्रज्ञ घळ बघायला यायचे होते. त्यांनी मान डोलावली की संपलं, पुढच्या पुस्तकांत हेस्टरचं म्हणणं छापलं जाणार. गावानेही तयारी केली होती. मेंढे कापायचे ठरले होते, कणीक भिजवायची ठरली होती, आणि म्हाताऱ्या इझाकने आपला एकुलता एक कोट धुऊन घेतला होता.

शुक्रवारी सकाळी हेस्टर संग्रहालयाच्या कामाच्या खोलीत गेली. तिथे झुकिस्वा बसली होती. दगडातून हाड मोकळं करायचं काम तिचं. सुईसारख्या हत्याराने दगड कणाकणाने उडवायचा आणि हाडाला ओरखडाही येऊ द्यायचा नाही. दोन वर्षं खपून तिने कवटीचा चेहरा मोकळा केला होता आणि पाठीचा दगड आधाराला तसाच ठेवला होता. आता घडवंचीवर बसवण्यासाठी तिने धोंडा पहिल्यांदाच पालथा केला, आणि हेस्टरला म्हणाली की पाठीवर गंजाच्या रेघा आहेत, पाण्यातल्या लोहाच्या, नेहमीसारख्या. घासून टाकू का, फोटोत बऱ्या दिसत नाहीत.

गंजाच्या रेघा कारूतल्या दगडांवर असतातच, त्यात नवल नव्हतं. हेस्टरने चष्मा लावून सहज बघितलं, आणि मग खाली वाकून पुन्हा बघितलं. पाण्याच्या रेघा वाकड्यातिकड्या, वाट फुटेल तिथे जातात. या दोन रेघा धोंड्याच्या कमरेभोवती फिरून पाठीवर एकमेकींना आडव्या गेल्या होत्या, पुडक्याला दोरा बांधतात तशा. आणि जिथे त्या भेटत होत्या तिथे गंजाचा एक गोल ठिपका होता. तिथे गाठ होती.

"घासू नकोस," हेस्टर म्हणाली. "हात लावू नकोस."

झुकिस्वाने विचारलं काय झालं. हेस्टर घोंगडी आणायला वळलीसुद्धा होती. तिने घोंगडीत धोंडा गुंडाळला, दोघींनी तो उचलून गाडीत ठेवला, आणि ती बापाच्या घराकडे निघाली.

वाटेत तिला सगळं लख्ख दिसत होतं. कुंपण घळीवरून जातं तिथे तारेखाली पोकळी राहते. त्या पोकळीतून कोल्हा शिरतो आणि कोकरं नेतो. म्हणून कुंपणवाले तारेला धोंडे टांगतात, म्हणजे तार खाली ओढलेली राहते. टांगायला धोंडा कसा हवा, तर गोल आणि वजनदार. आणि हाडं पोटात घेऊन बसलेले धोंडे गोल असतात, वर त्यांच्यासारखे जड दुसरे मिळत नाहीत. लहानपणी तिने बापाला असे किती धोंडे टांगताना बघितले होते. पुढे कधीतरी पूर आला, कुंपण गेलं, धोंडा गाळात रुतला. गाळ त्याच डोंगरातून धुपून आलेला, म्हणून तोही लाल. त्यात चुना, वर चाळीस वर्षांचं ऊन. झाला दगड. असा गाळ ओळखायला ती पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायची. पण त्या दिवशी तिला दात दिसला आणि दाताखेरीज दुसरं काही दिसलं नाही. काढायच्या घाईत तिने भोवतालची माती खणून बघितली नाही. आपल्याला जे हवं होतं तेच डोळ्यांपुढे आलं म्हणून ती भाळली होती, आणि याची तिला आता इतकी चीड आली की गाडीच्या स्टिअरिंगवर तिने मूठ आपटली.

इझाक भिंतीला पाठ लावून थंडीतलं ऊन खात बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, माणूस चालण्यावरून ओळखायचा. हेस्टरच्या पावलांवरून त्याला कळलं की पोरीचं काहीतरी बिनसलंय. त्याने विचारलं, उद्याच्या मेंढ्याने ऐन वेळी नकार दिला की काय. ती हसली नाही. तिने शेजाऱ्याच्या मदतीने धोंडा उतरवून त्याच्या पुढ्यात ठेवला, पाठ वर करून, आणि काहीही न सांगता त्याचा हात धरून त्यावर टेकवला.

म्हाताऱ्याची बोटं रेघेवरून हळूहळू फिरली. कमरेभोवती गेली, परत आली, ठिपक्यावर थांबली. मग त्याचा चेहरा खुलला, ओळखीचं माणूस भेटावं तसा.

"हा माझा," तो म्हणाला. "द्रोएफोंतेनचा. डबल वेढा मारून पीळ डावीकडे. उजवीकडे पीळ घालणारे सगळे भामटे, वर्षभरात सुटतो. कुठे मिळाला गं तुला?"

"घळीत."

"मग तिथेच टांगला होता. आणला होता मात्र खालून, पांढऱ्या कड्याच्या बुडातून, गुरांच्या जुन्या हौदामागे. तिथे असले गोल गोल पडलेत नुसते. खांद्यावर घेऊन चढलो, तुझी आई शिव्या देत होती." तो हसला. "दातांची बाजू खाली करून टांगला. दात दिसले की तू भोकाड पसरायचीस."

पांढऱ्या कड्याचं बूड म्हणजे हिरवा दगड. रेघेच्या खाली. हेस्टर जमिनीवर बसली. तिने बापाला सगळं सांगितलं, हा धोंडा कोणता, त्यावर काय उभं होतं, उद्या कोण येणार होतं.  पंचवीस कोटी वर्षांपूर्वी मेलेला प्राणी पुढे जगला असं मी जगाला सांगितलं, आणि तो जगला नव्हता, तुम्ही त्याला उचलून वर नेलं होतं, असं ती म्हणाली. छापून आल्यावर दुसऱ्या कुणी हे शोधलं असतं तर बरं झालं असतं, निदान माझी चूक मलाच शोधावी लागली नसती.

 म्हाताऱ्याला रेघ, थर, लाव्हा यातलं थोडंच कळायचं, पण पोरीचं काय जातंय ते पुरतं कळलं. त्याने मान तिच्याकडे वळवली आणि आवाज खाली आणला.

"मग पुसून टाक की. गंजच आहे. मी आंधळा म्हातारा, मला कोण विचारतंय? आणि विचारलं तर सांगीन, मी त्या शेतावर कधी गेलोच नाही."

हेस्टरने त्याच्याकडे बघितलं. तासाभराचं काम होतं. झुकिस्वाने तर सकाळीच विचारलं होतं, घासू का म्हणून. घासल्यावर जगात हे दोघांनाच ठाऊक राहिलं असतं, आणि त्यातला एक फार दिवसांचा सोबती नव्हता. तिने मनात हे सगळं मांडून बघितलं, खोटं कशाला बोला. मग तिचं लक्ष बापाच्या हाताकडे गेलं. तो हात अजून त्या गाठीच्या ठिपक्यावरच होता. या माणसाने उभ्या कारूभर कुंपणं घातली. त्यातली काही पुरांनी नेली, काही मालकांनी उपटून नवी घातली, आणि कुठल्याही खांबावर त्याचं नाव नव्हतं. त्याच्या आयुष्यभराच्या कामातलं हातात धरून दाखवता येईल असं जे काही उरलं होतं, ते या दोन रेघा.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "हे पुसलं तर तुम्हालाच पुसल्यासारखं होईल. उद्या कोट घाला, आपण दोघं जाऊ."

मग ती उठली, धोंडा परत गाडीत चढवला, आणि जाताना नेहमीच्या चढ्या आवाजात बजावून गेली की कोटाचं वरचं बटण तुटलंय ते रात्री कुणाकडून तरी लावून घ्या. तो आवाज ऐकून म्हाताऱ्याला बरं वाटलं.

शनिवारी घळीच्या काठावर हीऽ गर्दी. पाहुणे टोप्या घालून उभे, गावकरी त्यांच्या टोप्या बघत उभे. एका बाजूला निखारे पडले होते आणि बारंट चिमटा हातात घेऊन, शेवटचा म्हणून की काय, तो पुन्हा पुन्हा पुसत होता. हेस्टरने बापाला पुढे खुर्चीवर बसवलं, धोंडा टेबलावर पालथा ठेवला, आणि बारंटला हाक मारली. हातोडी त्याच्या हातात देऊन तिने सांगितलं की कवटी निघाली त्या खड्ड्याची भिंत फोड. बारंटला वाटलं ही मला अजून खिजवणार आहे. त्याने जपून दोन-चार घाव घातले. ती म्हणाली, अरे, तुझ्या सासूचं डोकं नाही ते, जोरात मार.

त्याने जोरात मारलं. लाल दगडाचा ढलपा निघाला आणि त्याच्या मागून, पंचवीस कोटी वर्षांच्या म्हणवल्या गेलेल्या त्या दगडातून, गंजलेल्या कुंपणाच्या तारेचं एक वेटोळं बाहेर आलं. आदल्या संध्याकाळी हेस्टरने स्वतः ती भिंत खणून त्याचं टोक शोधलं होतं आणि वर माती थापून ठेवली होती. बारंट तारेकडे बघत राहिला. पाहुण्यांमध्ये कुजबुज झाली.

मग हेस्टर बोलली. आवाज असा की मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही ऐकू गेला.

"मी चुकले. बारंट, नीट ऐकून घे, मी दुसऱ्यांदा म्हणणार नाही. हा गॉर्गॉन रेघेच्या खाली मेला, बाकीच्या सगळ्यांबरोबर. रेघ ओलांडून तो वर आला, तो माझ्या बापाच्या खांद्यावर बसून."

मग तिने सगळं सांगितलं. कोल्हा, पोकळी, तार, पूर, गाळ. आपण काय खणायला हवं होतं आणि खणलं नाही, तेही. छापायला पाठवलेलं काल रात्रीच परत मागवलं आहे, हेही. पाहुण्यांपैकी एकाने हळूच विचारलं की मग आता बाईंचं म्हणणं काय, प्राण्यांनी तग धरला नाही ना? हेस्टरने त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. एक साक्षीदार फुटला म्हणून खटला निकालात निघत नाही, ती म्हणाली, मी अजून शोधतेय आणि सापडेल तेव्हा आधी भिंत फोडून बघीन. लोक हसले. दगडाबद्दल ती काय बोलायची त्याची कुणीतरी आठवण करून दिली, तर ती म्हणाली, दगड खोटं बोलला नव्हता, त्याने पाठीवर लिहून ठेवलं होतं. मीच पाठ बघितली नव्हती.

बारंट जिंकला होता, पण त्याला जिंकल्यासारखं वाटेना. तो इझाकपाशी जाऊन त्याच्या हातात ते तारेचं वेटोळं देऊन उभा राहिला. म्हाताऱ्याने पीळ चाचपला आणि विचारलं, सुटलाय का? नाही, बारंट म्हणाला, तार तुटली, पीळ तसाच आहे. मग म्हाताऱ्याने, कारूतल्या प्रत्येक शेताचं नाव घेऊन, उजवीकडे पीळ घालणाऱ्या लोकांचा उद्धार केला. पाहुणे खुर्च्या ओढून त्याच्याभोवती बसले, आणि मटण करपलं तरी कुणी उठलं नाही.

सोमवारी हेस्टरने पांढऱ्या कड्याच्या बुडाशी, गुरांच्या हौदामागे तंबू ठोकला. त्याआधी मात्र ती बापाला घेऊन संग्रहालयात गेली. कवटी घडवंचीवर बसली होती, बाजूला आरसा होता, म्हणजे बघणाऱ्याला तोंडाकडून दात आणि आरशात पाठीच्या गंजाच्या रेघा दिसाव्यात. झुकिस्वाने रेघांवर संरक्षक लेप चढवला होता. खाली पाटी होती. त्या धंद्यातला नियम असा की ज्याला वस्तू पहिल्यांदा सापडली त्याचं नाव पाटीवर जातं आणि मग ते कुणी बदलत नाही. दोन वर्षं कवटीच्या चिठ्ठीवर हेस्टरचं नाव होतं, पण पहिल्यांदा ती तिला सापडलीच नव्हती. आता पाटी नवी होती.

इझाकने विचारलं, काय लिहिलंय?

"गॉर्गॉनची कवटी," हेस्टरने वाचलं. "द्रोएफोंतेन, पांढऱ्या कड्याखालचा हिरवा थर. शोधणारा, इझाक विंडफोगल, कुंपणवाला."

म्हाताऱ्याने पाटी चाचपली. अक्षरं कोरलेली होती, त्याची बोटं त्यांतून सावकाश फिरली, जशी तारेच्या रेघेतून फिरली होती.

"आणि तुझं नाव कुठेय?" त्याने विचारलं.

"आहे की," हेस्टर म्हणाली आणि त्याचं बोट धरून आडनावावर टेकवलं.